भाग २३ : हजेरी

हा भाग ऐकायच्या ऐवजी वाचताय, म्हणजे बहुतेक लोकलमध्ये आहात आणि इअरफोन घरी राहिलाय. हरकत नाही. आजची गोष्ट लोकलपासूनच सुरू होते.

आम्ही टेंभी नाक्याला राहतो. माझे आजोबा ८४ वर्षांचे. रोज पहाटे पावणेसहाला कॅनव्हासचे बूट घालून तलावपाळीला जातात. मासुंदा तलावाच्या कडेने दोन फेऱ्या, मग कट्ट्यावर आठ-दहा जणांसोबत तासभर बसणं, मग कटिंग. कितीतरी वर्षं मी याला टाइमपास म्हणत होतो. बाबा पुढच्या वर्षी ५८ पूर्ण करून सरकारी नोकरीतून रिटायर होतायत. परवा जेवताना म्हणाले, "मी काही त्या म्हाताऱ्यांच्या कट्ट्यावर जाणार नाही." आजोबा काही बोलले नाहीत. आमटी वाढून घेतली फक्त. म्हणून म्हटलं, हा कट्टा आला कुठून ते जरा शोधूया.

१६ एप्रिल १८५३. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली. १४ डबे, ४०० पाहुणे, ३४ किलोमीटर. हे शाळेत पाठ केलेलं असतं. पण या रुळांनी हळूहळू एक नवीन प्रकारचा माणूस तयार केला : ठरलेल्या वेळेला निघणारा, ठरलेल्या वेळेला परतणारा, आणि ठरलेल्या वयाला थांबणारा. शेतकऱ्याला रिटायरमेंटची तारीख नसते. अंगात बळ आहे तोवर तो बांधावर जातो, आणि संध्याकाळी पारावर बसतो. कारकुनाला मात्र एक दिवस शाल, श्रीफळ आणि निरोपाची भाषणं मिळतात. दुसऱ्या दिवशी ८:१२ त्याच्याशिवाय सुटते.

केंद्र सरकारी नोकरीत हे वय आधी ५५ होतं, १९६२ मध्ये ५८ झालं आणि १९९८ मध्ये ६०. स्वातंत्र्याच्या वेळी आपलं सरासरी आयुर्मान होतं ३२ वर्षांच्या आसपास. याचा अर्थ सगळे तिशीत जायचे असा नाही हं. लहान मुलं फार दगावायची, म्हणून सरासरी खाली यायची. पण निवृत्तीनंतर वीस-पंचवीस वर्षं जगणारी माणसं एवढ्या संख्येने आधी कधीच नव्हती. २०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढचे भारतीय १० कोटींच्या वर होते. या माणसांनी दिवसभर करायचं काय, याचं उत्तर कुठल्याच पिढीकडे तयार नव्हतं.

आजोबांचा किस्सा तर अजून वेगळा. एमआयडीसी १९६२ मध्ये स्थापन झाली आणि ठाण्याचं वागळे इस्टेट तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी. आजोबा तिथे एका कारखान्यात फिटर होते. नव्वदच्या दशकात कारखाना बंद पडला. वय ५२. ना शाल, ना श्रीफळ, ना पेन्शन. आजी सांगते, पहिले सहा महिने ते रोज डबा घेऊन घरातून निघायचे आणि तलावपाळीला बसून डबा खाऊन संध्याकाळी परत यायचे. तिथेच त्यांना बाकीचे भेटले. तसेच डबेवाले. (आज मी वागळे इस्टेटमध्येच, काचेच्या एका इमारतीत कोड लिहितो.)

आता इथे एक पॅटर्न दिसतो. महाराष्ट्रातल्या ज्येष्ठ नागरिक संघांचा महासंघ, म्हणजे फेस्कॉम, १९८० चा. संयुक्त राष्ट्रांनी १ ऑक्टोबर हा ज्येष्ठांचा दिवस ठरवला १९९० मध्ये. म्हणजे आपली मंडळी दहा वर्षं पुढे होती. १३ मार्च १९९५ ला अंधेरीच्या लोखंडवालामधल्या एका बागेत डॉ. मदन कटारिया यांनी पाच जणांचा हास्यक्लब सुरू केला. थोड्याच दिवसांत विनोद संपले, तेव्हा विनोदाशिवाय हसायचं ठरलं. आज तो प्रकार जगभर चालतो. ठाण्यात घंटाळीला जिजामाता उद्यानात आचार्य अत्रे कट्टा भरतो. कुणीही यावं, बसावं, ऐकावं.

एक गोष्ट मात्र खटकली. या सगळ्या इतिहासात 'निवृत्त' म्हणजे बहुतेक वेळा पुरुषच. आजीला विचारलं, तू कधी रिटायर झालीस? ती म्हणाली, "कुकरची शिट्टी ऐकू येईनाशी झाली तेव्हा." तिचा कट्टा म्हणजे कोपिनेश्वराच्या देवळातलं भजन. तेही दुपारची भांडी झाल्यावर.

तर मग या कट्ट्यांचा उपयोग काय? व्यायाम, गप्पा, हवा, हे सगळं आहेच. पण मला खरं उत्तर २०२० मध्ये कळलं. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. ६५ च्या वरच्यांनी घरातच थांबा, असं सरकारने सांगितलं. तलावपाळी बंद. आजोबांच्या ग्रुपने मला बोलावून व्हॉट्सॲप शिकून घेतलं, आणि सुरू झालं : गुलाबाचं फूल, सूर्योदय, 'शुभ सकाळ'. रोज, सातच्या आत, प्रत्येकाचं. मी वैतागून आजोबांना म्यूट केलं होतं.

जूनमधल्या एका सकाळी नऊ वाजले तरी एका काकांचं फूल आलं नाही. एकटेच राहायचे. मुलगा परदेशात. आजोबांनी फोन लावला, उचलला नाही. मग त्यांच्या सोसायटीच्या वॉचमनला. काका रात्रीपासून बाथरूममध्ये पडून होते, मांडीचं हाड मोडलेलं. वाचले.

आमच्या कामात 'हार्टबीट' नावाची गोष्ट असते. प्रत्येक सर्व्हर ठरावीक वेळाने 'मी आहे' एवढंच कळवतो. त्यात दुसरी काहीच माहिती नसते. पण तो संदेश आला नाही, की अलार्म वाजतो. मी पगार घेऊन जे करतो, ते आजोबांचा ग्रुप गुलाबाच्या फुलाने करत होता.

ज्येष्ठांसाठी २००७ चा कायदा आहे. त्याखालच्या आदर्श नियमांत लिहिलंय की एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी पोलीस ठाण्याने ठेवावी आणि महिन्यातून एकदा तरी त्यांना भेटावं. चांगला नियम आहे. पण बाथरूममध्ये पडलेला माणूस महिनाभर थांबू शकत नाही. कट्टा रोज भरतो.

ते काका आता काठी घेऊन येतात. फेऱ्या मारत नाहीत, थेट कट्ट्यावर बसतात. गेल्या रविवारी मीही गेलो होतो. आजोबांनी ओळख करून दिली, "हा नातू. मेसेज म्यूट करतो तो." सगळे हसले. एकाने विचारलं, "वडील कधी रिटायर होतायत?" मी सांगितलं, पुढच्या वर्षी. ते जरा सरकले आणि शेजारच्या रिकाम्या जागेवर हात ठेवून म्हणाले, "बरं."

बाबांना अजून हे सांगितलेलं नाही. हा भाग ते ऐकतील, तेव्हा कळेल.

तुमच्या घरातलं कुणी म्यूटवर असेल तर आज अनम्यूट करा. उत्तर द्यायची गरज नाही, फूल आलं की नाही तेवढं बघा. भेटू पुढच्या भागात.