देवाचे भय आणि देवाची ओळख

काही वर्षांपूर्वी पावसाळा नुकताच ओसरल्यावर आम्ही भामरागडला गेलो होतो. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांचा तेथे संगम आहे आणि पलीकडच्या काठापासून छत्तीसगडचे जंगल सुरू होते. पाणी वरवर शांत दिसत होते. डोंग्याने थोडे आत जाऊन यावे, असे आमच्यापैकी एकाने सुचविले. काठावरच्या डोंगेवाल्याने मात्र मान हलविली. आम्ही जरा हसूनच विचारले, "भाऊ, जन्म या नदीवर गेला, तरी तुम्ही तिला भिता?" त्याचे उत्तर आम्ही अजून विसरलो नाही. तो म्हणाला, "ओळखतो म्हणूनच भितो. तुम्ही ओळखत नाही, म्हणून भीत नाही."

ख्रिस्ती धर्मविचारातील एका फार जुन्या कोड्याकडे नंतर आम्ही याच वाक्याच्या आधाराने पाहू लागलो. 'नीतिसूत्रे' या बायबलमधील ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात परमेश्वराचे भय हा ज्ञानाचा आरंभ मानला आहे. उलट योहानाच्या पहिल्या पत्रात, पूर्ण प्रीती भयाला हाकलून देते, असे सांगितले आहे. एकाच ग्रंथात भय हे दार आहे आणि त्याच ग्रंथात भय हा घराबाहेर घालविण्याजोगा पाहुणा आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असतील?

मराठी वाचकाला हा पेच अगदीच परका नाही. आपल्या भाषेत 'भित्रा' ही शिवी आहे आणि 'पापभीरू' हे भूषण आहे. 'देवाला भिऊन वाग' असे आजी सांगते, आणि 'भिऊ नकोस, देव आहे' असेही तीच सांगते. दोन्ही ठिकाणी क्रियापद एकच असले तरी अर्थ एक नाही, हे नातवाला न शिकविता समजते.

मूळ हिब्रूमध्ये या भयासाठी 'यिर्आ' हा शब्द येतो. त्यात घाबरणे आहे, तसेच विस्मय, आदर आणि धाक यांचेही अर्थ आहेत. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात सीनाय पर्वत धुराने व्यापलेला असताना लोक थरथरत दूर उभे राहतात. मोशे त्यांना भिऊ नका असे सांगतो आणि त्याच दमात, तुमच्या ठायी देवाचे भय राहावे म्हणून तो आला आहे, असेही सांगतो. एकाच वचनात भयाचा निषेध आहे आणि भयाची मागणीही आहे. ज्या भयाने माणूस दूर पळतो ते नको, ज्याने तो जागेवर सावध उभा राहतो ते हवे, असाच याचा अर्थ लावावा लागतो.

'जाणणे' या अर्थाच्या 'यादा' या हिब्रू धातूची व्याप्तीही अशीच मोठी आहे. त्यात माहिती असणे येतेच, पण पतिपत्नीच्या निकटतेसाठीही उत्पत्तीच्या पुस्तकात हाच धातू वापरला आहे. त्याला मराठीत 'ज्ञान' म्हटले तर शास्त्र्यांची सभा डोळ्यांपुढे येते, 'ओळख' म्हटले तर नाते येते. यशयाच्या अकराव्या अध्यायात येणाऱ्या राजाच्या ठायी जे आत्मिक गुण सांगितले आहेत, त्यांत परमेश्वराचे ज्ञान आणि परमेश्वराचे भय यांची जोडीच येते. आमच्या डोंगेवाल्यानेही हे दोन शब्द एकत्रच उच्चारले होते.

पुढे ख्रिस्ती पंडितांनी भयाचे भेद केले. थॉमस अक्विनासच्या विवेचनात दासाचे भय वेगळे आणि पुत्राचे भय वेगळे. दास शिक्षेला भितो, पुत्र वडिलांपासून दुरावण्याला भितो. ऑगस्टीनने त्याआधी कितीतरी शतके योहानाच्या पत्रावर प्रवचन करताना सुईदोऱ्याचा दृष्टांत दिला होता. भय सुईसारखे आधी आत शिरते आणि प्रीतीच्या दोऱ्याला वाट करून देते. पण सुई आतच राहिली तर शिवण व्हायची नाही, तिला बाहेर पडावे लागते.

दृष्टांत सुंदर आहे. परंतु इतिहासात सुई पुष्कळदा आतच राहिली, हेही सांगितले पाहिजे. आपल्याकडचे सर्वांत जवळचे उदाहरण गोव्याचे. तेथे १५६० मध्ये इन्क्विझिशनचे न्यायासन आले आणि १७७४ ते १७७८ हा खंड सोडला तर १८१२ पर्यंत राहिले. देवाच्या नावाने माणसांनी माणसांवर बसविलेला तो धाक होता. घरात कोणते विधी चालतात, कोणती गाणी म्हटली जातात, यावर पाळत ठेवून देवाची ओळख कशी होणार? त्याच गोव्यात, त्याच काळात, फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये आला, येथील भाषा शिकला आणि १६१६ मध्ये त्याचे 'क्रिस्तपुराण' छापून झाले. सुमारे ११ हजार ओव्यांच्या या ग्रंथाची वाट निराळी आहे. श्रोत्याला ओळखीच्या छंदात, त्याच्या ओठांवरच्या भाषेत कथा सांगायची, ही ती वाट. स्टीफन्स त्या सत्तेच्या छायेतच वावरत होता, हे विसरून चालणार नाही. तरीही न्यायासन बंद पडले आणि ओव्या अजून वाचल्या जातात, एवढी नोंद पुरेशी बोलकी आहे.

ब्रिटिश अमदानीत विल्यम केरीने श्रीरामपूरहून वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने १८११ मध्ये मराठी नवा करार प्रसिद्ध केला आणि हे सारे शब्द मराठीत नांदू लागले. पण शब्द आले म्हणजे अनुभव आला असे होत नाही. हा फरक पंडिता रमाबाईंइतका लख्खपणे क्वचितच कोणी सांगितला असेल. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. मात्र १९०७ च्या आपल्या साक्षीत त्या स्पष्ट लिहितात, की त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला पुढे आणखी काही वर्षे जावी लागली. सिद्धान्त ठाऊक असणे आणि ज्याच्याविषयी ते सिद्धान्त आहेत त्याची ओळख होणे, यांतले अंतर त्यांनी स्वतः चालून मोजले होते.

रमाबाईंची भयाकडे पाहण्याची रीतही लक्षात घेण्यासारखी आहे. ज्यांच्या आश्रयाने त्या वाँटेजला राहत होत्या, त्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात, चर्च सांगते म्हणून मान्य करा, हा आग्रह त्यांनी कधीच मानला नाही. आपली सदसद्विवेकबुद्धी देवापुढे जबाबदार आहे, बिशपांपुढे नाही, हा त्यांचा पवित्रा होता. ज्याला एकाच ठिकाणी भ्यायचे आहे, त्याला इतर शंभर ठिकाणी भिण्याची गरज उरत नाही. आयुष्याच्या उत्तरार्धात केडगावला बसून त्यांनी हिब्रू व ग्रीक मुळांवरून बायबल सोप्या मराठीत आणले. १९२२ मध्ये त्या वारल्या, भाषांतर १९२४ मध्ये बाहेर आले.

आता पुन्हा जंगलाकडे वळू. या प्रदेशातील गोंडांचा अभ्यास करणारा स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आला. गोंडांना देवाचे ज्ञान द्यावे हा त्याचा हेतू. पण देण्याआधी त्याला विचारावे लागले. गोंडीत देवाला 'पेन' म्हणतात, मग पेन किती, त्यांना काय वाहतात, लिंगोची कथा कशी आहे, हे सारे तो ऐकत व टिपत गेला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटहून परतताना पूर आलेल्या नाल्यात तो बुडाला. त्याची टिपणे रिचर्ड टेंपलने १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. शिकवायला आलेला माणूस मागे ठेवून गेला ते त्याने जे शिकून घेतले ते. हिस्लॉपच्या धर्मनिष्ठेविषयी आम्हांस शंका नाही, परंतु त्याचे हे ऐकणे आम्हांला त्या निष्ठेचाच एक भाग वाटते.

व्हेरिअर एल्विनची कथा याहून तीव्र आहे. ऑक्सफर्डमध्ये धर्मशास्त्र शिकलेला हा तरुण पाद्री १९२७ मध्ये पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आला, गांधींकडे ओढला गेला आणि १९३२ मध्ये शामराव हिवाळे यांच्यासह मंडला जिल्ह्यातील करंजिया येथे गोंडांमध्ये राहू लागला. नागपूरच्या बिशपने परवान्यासाठी राजनिष्ठेची शपथ मागितली, एल्विनने ती घेतली नाही. गोंडांचे धर्मांतर करण्यासही त्याचे मन घेईना. १९३५-३६ च्या सुमारास त्याने पाद्रीपण सोडले. पुढे इंद्रावतीपलीकडच्या माडियांमधील खून आणि आत्महत्यांवर त्याने १९४३ मध्ये एक ग्रंथ लिहिला. एखादा समाज ज्या कारणांसाठी 'भयंकर' ठरविला जातो, त्याच कारणांच्या तळाशी जाऊन त्याने त्या समाजाची ओळख करून दिली. एल्विनच्या अनेक मतांवर व वागणुकीवर कठोर टीका झाली आहे आणि तिच्यात तथ्य आहे. पण राजाचे भय आणि देवाचे भय यांची निवड करण्याची वेळ आली, तेव्हा त्याने ती केली, हे त्याच्या खात्यावर जमा आहे.

यानंतरचे उदाहरण ख्रिस्ती मनुष्याचे नाही, आणि त्यास ख्रिस्ती करण्याचा आमचा मुळीच इरादा नाही. वरोऱ्याचे वकील मुरलीधर देविदास आमटे, म्हणजे बाबा आमटे. रेल्वेत एका स्त्रीची छेड काढणाऱ्या गोऱ्या सोजिरांना त्यांनी अडविले, म्हणून गांधीजींनी त्यांना 'अभयसाधक' म्हटले. वरोऱ्यात ते नगरपालिकेचे उपाध्यक्ष होते आणि सफाई कामगारांचे कष्ट कळावेत म्हणून स्वतः मैला वाहत होते. अशाच एका पावसाळी रात्री त्यांना गटारापाशी पडलेला, महारोगाने अखेरीस पोचलेला तुळशीराम दिसला. अभयसाधक भ्याला आणि पळाला.

ही पळापळ त्यांनी लपविली नाही, स्वतःच पुन्हापुन्हा सांगितली. परत येऊन त्यांनी तुळशीरामवर आडोसा उभा केला, त्याची शुश्रूषा केली. तुळशीराम वाचला नाही. मनातले भय मात्र काही महिने तसेच सलत राहिले. जेथे भय तेथे प्रेम नाही आणि जेथे प्रेम नाही तेथे देव नाही, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे प्रसिद्ध आहे. योहानाच्या पत्राशी त्याचे साम्य कोणाच्याही ध्यानात येईल. लेवीय पुस्तकाने कुष्ठ्याला छावणीबाहेर ठेवले होते, शुभवर्तमानात येशूने त्याला हात लावला. बाबांनी केवळ हातच लावला नाही. कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या संस्थेत शिकत असताना त्यांनी जंतूंच्या प्रयोगासाठी स्वतःचे शरीर देऊ केले. १९९० मध्ये त्यांना धर्मक्षेत्रातील टेंपलटन पुरस्कार मिळाला.

येथे एक आक्षेप येईल. बाबांचे भय रोगाचे होते, देवाचे नव्हते, मग हे उदाहरण अप्रस्तुत नाही का? आम्हांस तसे वाटत नाही. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवसाचे जे चित्र आहे, त्यात राजा भुकेल्यात, आजाऱ्यात, बंदिवानात होता आणि लोकांनी त्याला ओळखले नाही, असा निवाडा आहे. त्या चित्रात ज्ञान आणि भय दोन्ही आहेत. परीक्षेत विचारलेला प्रश्न सिद्धान्ताचा नाही, ओळखीचा आहे. तुळशीरामला पाहून पळणे हे दासाचे भय. पळालो म्हणून रात्रभर झोप न लागणे, हे दुसरे भय. ज्याच्यापासून आपण दुरावलो त्याच्याकडे परत नेणारे. अक्विनासने त्यालाच पुत्राचे भय म्हटले असते, असे आम्हांस वाटते.

१९७३ मध्ये बाबांनी भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तेथे राहू लागले. आरंभी माडिया लोक परका माणूस दिसताच जंगलात पळून जात. त्यांना तसे शिकविणारे अनुभव बाहेरच्यांनीच दिले होते. भिऊ नका, असे सांगून ते भय गेले नाही. रोगी बरे होऊ लागले, कोणी तरी माडिया भाषा शिकले, वर्षानुवर्षे तेथेच राहिले, तेव्हा ते हळूहळू गेले. भय घालविण्याचा याहून जवळचा रस्ता आम्हांला तरी इतिहासात आढळला नाही.

तेव्हा कोड्याचे आमच्यापुरते उत्तर असे. नीतिसूत्रे आणि योहान परस्परांना खोडत नाहीत, ते एकाच वाटेच्या दोन टोकांवर उभे आहेत. ओळखीआधीचे भय पळवून लावते, तेच प्रीतीने घालवायचे असते. ओळखीनंतरचे भय मात्र राहते, कारण ज्याला ओळखले त्याला गृहीत धरता येत नाही. देवाच्या नावाने इतरांना भिवविणाऱ्यांना बहुधा या दुसऱ्या भयाचा स्पर्शच झालेला नसतो.

त्या दिवशी आम्ही डोंग्यात बसलो नाही. डोंगेवाला मात्र संध्याकाळी एका आजारी बाईला पलीकडून आणायला एकटाच गेला, काठाकाठाने, प्रवाहाचा अंदाज घेत. भीत होताच, आणि गेलाही.