डॉ. बिगेलो यांचे दोन निबंध

अमेरिकेतील बोस्टन शहरचे शस्त्रवैद्य हेन्री जेकब बिगेलो (१८१८–१८९०) यांनी पुष्कळ लिहिले. खुब्याचा सांधा निखळण्याविषयीचा त्यांचा १८६९ चा ग्रंथ विद्वन्मान्य झाला. तथापि त्यांच्या दोन निबंधांची जोडी विशेष विचारणीय आहे. पहिला निबंध वेदनेविषयी, दुसरा मूत्राशयातील खड्याविषयी. पहिल्याने जे दान दिले, त्याचा पुरता उपयोग दुसऱ्यात झाला. पण मध्ये एकतीस वर्षे लोटली.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने एका रोग्यास कसलीशी वाफ हुंगवली आणि वृद्ध शस्त्रवैद्य वॉरन यांनी त्याच्या मानेवरील गाठीवर शस्त्र चालविले. रोगी ओरडला नाही! मॉर्टन आपले औषध गुप्त ठेवून त्याचा मक्ता मिळविण्याच्या खटपटीत होता. परंतु ते ईथर आहे हे वासावरून कळण्यासारखे होते. अठ्ठावीस वर्षांच्या बिगेलोंनी असे प्रयोग बारकाईने टिपून १८ नोव्हेंबरच्या बोस्टनच्या वैद्यकीय साप्ताहिकात सविस्तर निबंध छापला. वार्ता समुद्रापार गेली आणि २१ डिसेंबरला लंडनमध्ये लिस्टन यांनी ईथर देऊन एका रोग्याचा पाय कापला. जॉर्जिया प्रांतातील क्रॉफर्ड लाँग या डॉक्टरने हेच ईथर १८४२ सालीच वापरले होते. मात्र त्याने ते १८४९ पर्यंत प्रसिद्ध केले नाही आणि जगाला शोध लागला तो बोस्टनहून.

आता खड्याकडे वळू. मूत्राशयातील अश्मरी कापून काढण्याची कृती सुश्रुतसंहितेतही वर्णिलेली आहे. युरोपात या शस्त्रक्रियेसाठी रोग्यास करकचून बांधीत, आणि जो शस्त्रवैद्य दोनचार मिनिटांत खडा बाहेर काढी त्याचा लौकिक होई. १८२४ साली पॅरिसमध्ये सिव्हिआल यांनी चाकूवाचून मार्ग काढला. मूत्रमार्गातून आत उपकरण सारून त्यांनी खडा जागच्या जागी फोडला. रोगी शुद्धीवर असल्यामुळे ही बैठक काही मिनिटांचीच असे. उरलेला खडा काही दिवसांनी पुन्हा फोडावयाचा आणि तुकडे रोग्याने लघवीवाटे आपले आपण बाहेर टाकावयाचे, असा परिपाठ पडला. ते कंगोरेदार तुकडे आत बोचत, दाह होई, आणि काही रोगी त्यातच दगावत.

ईथर आल्यावर घाईचे मुख्य कारण नाहीसे झाले. घाई मात्र गेली नाही! मूत्राशयास उपकरणाचा स्पर्श फार वेळ सोसत नाही, अशी समजूत तिच्या पाठीशी उभी राहिली आणि निश्चेष्ट पडलेल्या रोग्यावरही मोजून मिनिटे काम चाले. वेदनेने लावलेली शिस्त वेदना गेल्यावरही पाळली जात होती, आणि पाळणारे अडाणी नव्हते, नामांकित होते. खुद्द बिगेलोंनाही हे उमगण्यास साठीजवळ यावे लागले.

त्यांचे म्हणणे असे की, अपाय उपकरणाने होत नाही, मागे राहिलेल्या तुकड्यांनी होतो. न्यूयॉर्कच्या ओटिस यांनी मूत्रमार्ग समजला जातो त्याहून रुंद नळी सहन करतो, असे दाखविले होते. त्याचा आधार घेऊन बिगेलोंनी जाड नळी, रबरी फुगा व काचेचे पात्र यांची जोडणी केली. फुगा दाबला की पाणी आत जाई, सोडला की चुऱ्यासह परत येई, आणि चुरा पात्रात साठे. रोग्यास ईथर देऊन, तास लागला तरी हरकत नाही, पण संपूर्ण खडा एकाच बैठकीत बाहेर काढावयाचा. हा निबंध जानेवारी १८७८ मध्ये फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय त्रैमासिकात प्रसिद्ध झाला. या कृतीस त्यांनी ‘लिथोलापॅक्सी’ असे ग्रीक धर्तीचे नाव दिले.

तरीही लहान मुलगे या लाभाबाहेर राहिले. त्यांचा मूत्रमार्ग फार अरुंद, तेव्हा त्यांना चाकूच, असे मत रूढ होते. हिंदुस्थानात तर मुलांमध्ये हा विकार फार. इंदूरच्या रेसिडेन्सीतील शस्त्रवैद्य कीगन यांनी लहान मापाची उपकरणे वापरून मुलांचे खडे त्याच रीतीने काढले. मुलगे व प्रौढ पुरुष यांच्यावरील या शस्त्रक्रियेचे त्यांचे पुस्तक १८८७ साली लंडनमध्ये छापून निघाले. बिगेलो तेव्हा हयात होते.