यंत्र सुरू आहे, पण काम होते आहे का?

म्हसवड हे सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यातील एक महसूल मंडळ. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्याने या तालुक्याच्या वाट्याला वर्षाकाठी सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस येतो. त्याच जिल्ह्यातील महाबळेश्वरला मात्र ५ हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. त्यामुळे माणमधील स्वयंचलित पर्जन्यमापकाने दिवसेंदिवस 'शून्य' कळवावे, यात नवल नाही. पण केंद्राकडून काहीच न येणे ही निराळी गोष्ट आहे. 'पाऊस नाही' ही माहिती आहे. 'निरोप नाही' हा बिघाड असू शकतो. हा भेद यंत्राला कसा कळावा, हा संगणकशास्त्रातील एका महत्त्वाच्या शाखेचा कळीचा प्रश्न आहे.

राज्य सरकारने २०१७ मध्ये स्कायमेट या खासगी संस्थेच्या सहभागाने 'महावेध' प्रकल्प सुरू केला. त्याअंतर्गत महसूल मंडळांच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रे उभारण्यात आली. पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा यांच्या नोंदी त्यांतून दर दहा मिनिटांनी मिळाव्यात, अशी ही योजना. या नोंदींचा उपयोग केवळ अंदाजापुरता नाही. हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेत डाळिंबासारख्या पिकाची भरपाई मंडळातील केंद्राच्या आकड्यांवरून ठरते. नोंद हरवली, उशिरा आली किंवा दोनदा मोजली गेली, तर त्याची झळ बागायतदाराला बसू शकते.

साठा आणि प्रवाह

माहितीवर प्रक्रिया करण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत दिवसभराच्या नोंदी साठवून रात्री एकत्र हिशेब केला जातो. दुसरीत नोंद येताक्षणी तिच्यावर काम होते. या दुसऱ्या रीतीला प्रवाह-प्रक्रिया म्हणतात. मोबाइलवरून होणारे व्यवहार, कार्डावरील संशयास्पद खर्चाची तपासणी, नद्यांच्या पातळीची नोंद अशा कामांना हीच रीत उपयोगी पडते.

नोंदींचा ओघ मोठा असला की एक संगणक पुरत नाही. मग प्रवाहाचे अनेक भाग पाडून ते वेगवेगळ्या संगणकांवर वाटले जातात. एका भागावर चालणारे कामाचे एकक म्हणजे 'टास्क'. अशी शेकडो टास्क एकाच वेळी चालू असतात आणि त्यांतले एखादे केव्हा ना केव्हा बंद पडणारच, असे गृहीत धरूनच या प्रणालींची रचना केलेली असते. खरा प्रश्न ते बंद पडल्याचे कळते केव्हा, हा आहे.

पुण्याचा धागा

या क्षेत्रात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या साधनांपैकी एक म्हणजे 'अपाची काफ्का'. अमेरिकेतील लिंक्डइन कंपनीत जे क्रेप्स, जुन राव आणि नेहा नारखेडे यांनी ते घडविले आणि २०११ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. नारखेडे पुण्यात वाढल्या. पुणे इन्स्टिट्यूट ऑफ कॉम्प्युटर टेक्नॉलॉजीत पदवी घेऊन त्या उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या. या तिघांनी २०१४ मध्ये 'कॉन्फ्लुएंट' कंपनी स्थापन केली. टास्कच्या प्रकृतीची देखरेख कशी बदलत गेली, हे काफ्काच्या इतिहासातून चांगले समजते.

हृदयाचे ठोके

सर्वांत जुनी युक्ती 'हार्टबीट'ची. कामावरचा प्रत्येक घटक ठरावीक अंतराने 'मी जिवंत आहे' असा छोटा निरोप समन्वयकाकडे पाठवतो. काफ्कामध्ये हे अंतर सर्वसाधारणपणे तीन सेकंदांचे असते. ठरलेल्या मुदतीत एकही ठोका ऐकू आला नाही, तर तो घटक मृत समजून त्याचे काम इतरांना वाटले जाते.

ही मुदत किती असावी, हा मात्र नाजूक प्रश्न आहे. ती फार कमी ठेवली, तर जाळ्यातील क्षणभराच्या अडथळ्यानेही धडधाकट घटक मृत ठरतो आणि विनाकारण सगळ्या कामाची फेरवाटणी सुरू होते. ती फार जास्त ठेवली, तर खरा बिघाड तेवढा वेळ लपून राहतो. काफ्कामध्ये ही मुदत आधी दहा सेकंदांची होती. २०२१ च्या ३.० आवृत्तीत ती पंचेचाळीस सेकंद करण्यात आली.

ठोके चालू, काम बंद

हार्टबीटमध्ये एक मूलभूत उणीव आहे. काफ्काच्या सुरुवातीच्या रचनेत काम आणि ठोके एकाच धाग्यात गुंफलेले होते. एखादी नोंद हाताळायला वेळ लागला की ठोका चुके आणि काम करणारा घटकही मृत ठरे. यावर उपाय म्हणून २०१६ मध्ये ठोक्यांसाठी पार्श्वभूमीवर चालणारा स्वतंत्र धागा देण्यात आला. पण त्यातून उलटी अडचण संभवत होती. मुख्य काम अडकून पडले तरी पार्श्वभूमीवरचे ठोके चालूच राहणार! म्हणून त्याच वेळी दुसरी मर्यादा घालण्यात आली. घटकाने पाच मिनिटांत नव्या नोंदींची मागणी केली नाही, तर ठोके चालू असले तरी त्याला कामावरून दूर केले जाते.

'काफ्का कनेक्ट' या जोडप्रणालीत हाच धोका वेगळ्या रूपात दिसतो. तेथे जोडणीची स्थिती आणि तिच्या टास्कची स्थिती वेगवेगळी नोंदली जाते. जोडणी 'चालू' दिसत असतानाच तिचे एखादे टास्क 'अयशस्वी' असू शकते आणि असे टास्क आपोआप पुन्हा सुरू होत नाही. केवळ वरची पाटी वाचणारा फसतो. कालव्याच्या मुखाशी पाणी दिसले म्हणून ते टोकाच्या शेताला पोचले असे होत नाही, हे दुष्काळी भागातील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

अनुशेषाचे माप

म्हणूनच अनुभवी अभियंते ठोक्यांइतकेच लक्ष अनुशेषाकडे देतात. आलेल्या नोंदी आणि हाताळलेल्या नोंदी यांतील तफावत म्हणजे अनुशेष. मात्र केवळ आकडा पुरेसा नसतो. दहा हजार नोंदी तुंबल्या असतील, पण त्या वेगाने कमी होत असतील, तर काळजी नाही. शंभरच नोंदी तुंबल्या असतील, पण तासभर एकही पुढे सरकली नसेल, तर टास्क अडकले आहे. लिंक्डइनने २०१५ मध्ये खुले केलेले 'बरो' हे साधन याच तत्त्वावर चालते. ते एकच कमाल मर्यादा न लावता काही काळातील अनुशेषाची चाल पाहून निदान करते.

सरासरीही दिशाभूल करते. नव्याण्णव भाग सुरळीत असतील आणि एकच तुंबला असेल, तर सरासरी निरोगी दिसते. तो एक भाग म्हसवड मंडळाचा असेल, तर तेथील बागायतदाराला सरासरीचा काय उपयोग? देखरेख भागागणिक हवी.

मौनाचा अर्थ

नोंद घडल्याची वेळ आणि ती पोचल्याची वेळ यांत अंतर असते. म्हणून 'अपाची फ्लिंक'सारख्या प्रणाली 'या वेळेपर्यंतच्या नोंदी आल्या' अशी खूण पुढे सरकवत नेतात. सर्व भागांपैकी सर्वांत मागे असलेला भाग ही खूण ठरवतो. एखादा भाग गप्प बसला की संपूर्ण हिशेब थांबू शकतो. त्यासाठी गप्प भागाला 'निष्क्रिय' मानून पुढे जाण्याची सोय आहे. परंतु ती वापरण्यापूर्वी ते मौन कोरड्या दिवसाचे आहे की तुटलेल्या तारेचे, हे ठाऊक असले पाहिजे. स्रोतानेच 'शून्य' असा स्पष्ट निरोप पाठवणे हा यावरचा साधा आणि भक्कम उपाय.

पुन्हा सुरू करण्यातील धोका

बिघाड कळल्यावर टास्क पुन्हा सुरू करणे सोपे वाटते. पण मधल्या काळातील नोंदी पुन्हा वाचल्या गेल्या, तर १२ मिलिमीटर पाऊस २४ मिलिमीटर होतो. म्हणून कुठवर काम झाले याची खूण वेळोवेळी जपली जाते आणि प्रत्येक नोंदीला स्वतंत्र ओळख दिली जाते. एखादी सदोष नोंदच टास्क पाडत असेल, तर ते कितीदाही सुरू केले तरी तेथेच पडते. अशी नोंद बाजूला काढून तपासणीसाठी ठेवावी लागते.

निरोगी टास्कची लक्षणे

- ठोके वेळेवर येतात.
- काम प्रत्यक्ष पुढे सरकते.
- अनुशेष वाढत राहत नाही.
- ताजी नोंद किती जुनी आहे, हे सांगता येते.
- पुन्हा सुरू झाल्यावर नोंद गळत नाही आणि दुबार मोजलीही जात नाही.

यांतले पहिले लक्षण तपासायला सर्वांत सोपे. म्हणून बहुतेकांची देखरेख तेथेच थांबते. विम्याचा निर्णय असो वा पुराचा इशारा, त्याचा भरवसा मात्र उरलेल्या चार लक्षणांवर अवलंबून असतो.