किती तारे पुरेत?

तारकानकाशांचे छापील पुस्तक घ्यायला निघालेल्या हौशी निरीक्षकाच्या डोळ्यांत आधी भरतो तो ताऱ्यांचा आकडा. एका पुस्तकात तीस हजार, दुसऱ्यात ऐंशी हजार, तिसऱ्यात पावणेतीन लाख. मग जास्त तारे तेच पुस्तक चांगले, असा हिशेब मन परस्पर करून टाकते. छापील तारकानकाशांचा चारशे वर्षांचा इतिहास या हिशेबाच्या विरुद्ध साक्ष देतो. ताऱ्यांची नोंद ठेवणे हे एक काम आणि ताऱ्यांमधून वाट दाखवणे हे दुसरे. ही दोन्ही कामे दीर्घकाळ एकाच कागदावर चालली आणि एकमेकांच्या आड येत राहिली. त्यांची फारकत झाली तेव्हा कुठे हौशी माणसाचा नकाशा नकाशा म्हणून उभा राहिला.

नुसत्या नोंदीने काय होते, याचे उदाहरण आपल्याच परंपरेत आहे. ज्योतिषाच्या सिद्धांतग्रंथांनी नक्षत्रांच्या योगतारांची, म्हणजे त्यांच्या ओळखीच्या मुख्य ताऱ्यांची, स्थाने भोग आणि शर या क्रांतिवृत्ताच्या आधारे मोजलेल्या अंशांत, श्लोकबद्ध करून दिली. नकाशा काढला नाही. परिणामी काही नक्षत्रांची योगतारा नेमकी कोणती, यावर नंतरच्या अभ्यासकांत मतभेद राहिले आणि १८९६ साली ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ लिहिणाऱ्या शंकर बाळकृष्ण दीक्षितांना ती मते ताडून पाहावी लागली. युरोपात नोंद चित्रावर चढल्याचे ठळक उदाहरण १६०३ चे. आउग्सबुर्गचे वकील योहान बायर यांनी ५१ ताम्रपटांचा ‘युरॅनोमेट्रिया’ छापला, ताऱ्यांना ग्रीक अक्षरे दिली आणि कडेला अंशांच्या खुणा आखून स्थान मोजण्याची सोय केली. पण त्यांच्या काही आकृत्या पाठमोऱ्या होत्या, त्यामुळे टॉलेमीने उजव्या खांद्यावर सांगितलेला तारा डाव्या खांद्यावर जाई, अशी तक्रार पुढे ग्रीनिचचे खगोलवेत्ते जॉन फ्लॅमस्टीड यांनी केली. त्यांचा स्वतःचा नकाशासंग्रह मृत्यूनंतर, १७२९ मध्ये निघाला. तो अचूक होता, पण आकाराने अवजड. १७७६ मध्ये पॅरिसच्या फोर्तँ यांनी तो सुमारे एक तृतीयांश आकारात पुन्हा छापला. म्हणजे वापरणाऱ्यासाठी पहिली सुधारणा झाली ती तारे वाढवून नव्हे, पुस्तक लहान करून.

तरीही मोह सुटला नाही. १८०१ मध्ये बर्लिनच्या योहान बोडे यांनी ‘युरॅनोग्राफिया’ काढला, तेव्हा त्यात १७,२४० तारे होते आणि शंभराहून अधिक तारकासमूह, अगदी छापखाना आणि विद्युतयंत्र यांच्या नावांचेसुद्धा. सजवलेल्या आकृत्या आणि खच्चून भरलेले तारे एकाच पानावर आणण्याची ती परिसीमा होती. त्यापुढे त्या वाटेने कोणाला जाता आले नाही. अर्धशतकानंतर बॉन येथे फ्रीडरिख आर्गेलांडर यांनी अवघ्या ७८ मिलिमीटरच्या दुर्बिणीने ३ लाख २४ हजार ताऱ्यांची मोजदाद केली. तिची यादी १८५९ ते १८६२ दरम्यान छापली गेली आणि मग तिचे नकाशेही आले. त्या नकाशांत ना सिंह होता ना सर्प, फक्त ठिपके. नोंदीचे काम असे वेधशाळेने उचलले आणि नंतर छायाचित्रणाने ते कागदाच्या आवाक्याबाहेर नेले. हौशी माणसासाठी मागे उरला तो निव्वळ वाटेचा प्रश्न. त्याचे टिकाऊ उत्तर १९१० साली आर्थर नॉर्टन या इंग्लिश शाळामास्तरांनी दिले. त्यांचा संग्रह साधारण नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या ताऱ्यांपाशी थांबला, आणि स्माइथ व वेब या निरीक्षकांच्या मार्गदर्शिकांत सांगितलेले जोडतारे, तारकागुच्छ, अभ्रिका कुठे शोधायच्या ते दाखवत राहिला. बोडे यांच्यापेक्षा कितीतरी कमी तारे असलेल्या या पुस्तकाची विसावी आवृत्ती २००४ मध्ये निघाली.

यानंतरचा इतिहास पुन्हा आकडे वाढण्याचाच दिसतो, आणि आक्षेप इथेच येतो: थोडक्यात भागत होते, तर पुढच्यांनी तारे का वाढवले? १९४८ मध्ये आंतोनिन बेच्वार यांनी टाट्रा पर्वतातल्या स्काल्नाते प्लेसो वेधशाळेतून पावणेआठव्या प्रतीपर्यंतचे नकाशे काढले (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचे माप; आकडा जितका मोठा तितका तारा अंधूक). १९८१ मध्ये विल टिरियन या डच आरेखकाचा ‘स्काय ॲटलास २०००’ आठव्या प्रतीपर्यंत गेला आणि १९९८ च्या आवृत्तीत साडेआठव्या प्रतीपर्यंत, ८१ हजार ताऱ्यांवर पोचला. १९९७ च्या ‘मिलेनियम स्टार ॲटलास’ने दहा लाखांचा टप्पा ओलांडला. या आक्षेपाचे उत्तर दुर्बिणीच्या दृश्यक्षेत्रात आहे. सगळे आकाश सुमारे ४१,२५३ चौरस अंशांचे. मुख्य दुर्बिणीवर बसवलेल्या लहान शोधक दुर्बिणीतले पाच अंश व्यासाचे वर्तुळ म्हणजे त्याचा एकवीसशेवा भाग. २००६ च्या ‘पॉकेट स्काय ॲटलास’मधल्या ३०,७९६ ताऱ्यांपैकी सरासरी पंधरा तारे या वर्तुळात येतात, ८१ हजारांपैकी अडतीस-एकोणचाळीस, दहा लाखांपैकी पावणेपाचशे. पंधरा ताऱ्यांतून त्रिकोण, चौकोन, वाकडी ओळ जुळवता येते. पावणेपाचशे ठिपक्यांत डोळा हरवतो. मात्र मुख्य दुर्बिणीच्या नेत्रिकेतले एक अंशाचे वर्तुळ घेतले की चित्र उलटते. तीस हजारांपैकी तिथे सरासरी एकही तारा धड पडत नाही, दहा लाखांपैकी एकोणीस पडतात. आकडे वाढले ते हौशी मंडळींच्या दुर्बिणी मोठ्या झाल्या आणि नेत्रिकेतही वाट शोधायची वेळ आली म्हणून. पुस्तक बदलले तरी डोळ्यापुढे दहा-वीस, फार तर तीस-चाळीस तारे असावेत ही गरज बदलली नाही.

मोठ्या आकड्याचा अर्थ नेहमी जास्त माहिती असाही होत नाही. १९८७-८८ मध्ये आलेल्या ‘युरॅनोमेट्रिया २०००’च्या पहिल्या आवृत्तीत ३ लाख ३२ हजारांहून अधिक तारे होते, मर्यादा साडेनवव्या प्रतीची. दुसऱ्या आवृत्तीने मर्यादा पावणेदहापर्यंत नेली, तरी तारे झाले सुमारे २ लाख ८० हजार. पहिलीचा आधार आर्गेलांडर यांच्या परंपरेतल्या, डोळ्यांनी अंदाजलेल्या प्रती होत्या. दुसरीला हिपार्कोस उपग्रहाची मोजमापे मिळाली आणि मर्यादेपेक्षा अंधूक असलेले तारे गळाले. पुस्तक सुधारले ते तारे कमी होऊन. २०१४ च्या इंग्रजी ‘इंटरस्टेलारुम डीप स्काय ॲटलास’ने तर दीर्घिका, गुच्छ यांची चिन्हे चार, आठ आणि बारा इंची दुर्बिणींतून काय दिसेल त्याप्रमाणे ठळक-फिकी केली. वापरणाऱ्याच्या हातात कोणते साधन आहे, हा प्रश्न तिथे थेट छपाईत उतरला.

जुना नकाशा शिळा होतो, हा दुसरा आक्षेप निम्मा खरा आहे. संपातचलनामुळे संपातबिंदू साधारण ७२ वर्षांत एक अंशाने सरकतो आणि त्याबरोबर ताऱ्यांचे विषुवांश आणि क्रांती हे स्थानांक बदलतात, म्हणून १९५० च्या नकाशावरून दुर्बिणीवरची अंशवर्तुळे लावली तर नेम चुकेल. पण सरकते ती आखलेली जाळी. ताऱ्यांची आपापसातली मांडणी जवळपास जशीच्या तशी राहते, आणि तारा ते तारा वाट काढणाऱ्याला तेवढी पुरते. तिसरा आक्षेप फोनचा. फोनमधला नकाशा क्षणात आकाश फिरवून दाखवतो, धूमकेतूची आजची जागा सांगतो, आणि तिथे छापील पुस्तक त्याच्यापुढे टिकणार नाही. पण अंधाराला सरावलेला डोळा त्या पडद्याने बिघडतो. लाल छटा लावली तरी दाखवायचे क्षेत्र हाताएवढेच उरते आणि शेजारच्या तारकासमूहाशी असलेले नाते पडद्याबाहेर राहते. कागदाला मंद लाल विजेरी पुरते. मात्र तिच्या उजेडात लाल शाईची चिन्हे फिकी पडतात, तेव्हा घेण्याआधी एखादे पान त्या उजेडात धरून पाहावे.

महाराष्ट्रातल्या निरीक्षकाने आणखी एक गोष्ट तपासावी. फ्लॅमस्टीड यांचा संग्रह ग्रीनिचहून दिसणाऱ्या आकाशापुरता होता. पुण्याच्या अक्षांशावर अगस्त्य दक्षिण क्षितिजावर सुमारे १९ अंश चढतो आणि ओमेगा सेंटॉरी हा गुच्छ २४ अंश, म्हणून दक्षिणेकडचे नकाशे पूर्ण असलेलेच पुस्तक हवे. एवढे पाहिल्यावर निर्णय अवघड नाही. द्विनेत्री किंवा लहान दुर्बीण असेल तर साडेसात ते साडेआठ प्रतीपर्यंतचा संग्रह घ्यावा. आठ-दहा इंची दुर्बीण आणि शहरापासून दूर अंधारी जागा दोन्ही असतील, तर त्याच्या जोडीला ‘युरॅनोमेट्रिया २०००’सारखा. आधी आपल्या शोधक दुर्बिणीतून किती तारे दिसतात ते मोजावे आणि मगच दुकानात जावे.