खेळ हिरावलेली पिल्ले
पिल्लांची खेळातली झोंबाझोंबी विज्ञानाने उशिराच मनावर घेतली. मानसशास्त्रज्ञ हॅरी हार्लो यांनी १९५० नंतर अमेरिकेतील विस्कॉन्सिनमध्ये माकडांची पिल्ले एकटी वाढवली. पुढे ती कळपात रुळली नाहीत. पण त्यांना आईही नव्हती, त्यामुळे खेळाचा वाटा वेगळा काढता येईना. ही गाठ नेदरलँड्समधील उट्रेख्तच्या संशोधकांनी सोडवली. त्यांनी आईचे दूध सुटलेली उंदरांची पिल्ले २१व्या ते ४२व्या दिवसापर्यंत, म्हणजे ऐन खेळायच्या वयात, एकटी ठेवून नंतर सोबत्यांत सोडली. २०१३चे निष्कर्ष अस्वस्थ करणारे आहेत: मोठेपणी हे उंदीर उतावळे झाले, नव्या पेचात त्यांचे निर्णय चुकू लागले आणि मेंदूच्या पुढच्या भागाचा डोपामाइन या मेंदूतील रसायनाला प्रतिसादही मंदावला. २०१४च्या प्रयोगात ते कोकेनसाठी अधिक धडपडले. मुलांवर असा प्रयोग कधीही होऊ नये. म्हणून माणसांबाबतचा पुरावा अप्रत्यक्षच आहे.