आकडा वाढतो, तार बारीक होते

जुना वायरमन दुकानात आजही 'तीन-बावीस' मागतो. बावीस नंबरच्या तीन तारा एकत्र पिळलेली वायर, एवढाच त्याचा अर्थ. पण हा बावीस कुठला? तो मिलिमीटर नाही, इंचाचा सरळ हिस्साही नाही. शिवाय अठरा नंबरची तार बावीसपेक्षा जाड! हा उलटा हिशोब आला कुठून?

तो आला तार ओढण्याच्या कामातून. सोनाराकडची भोकांची पोलादी पट्टी अनेकांनी पाहिली असेल. जाड सळई एका भोकातून ओढायची, मग त्याहून लहान भोकातून. जितक्या वेळा ओढाल तितकी तार बारीक आणि तितकाच नंबर मोठा. म्हणजे मुळात हा आकडा जाडीचा नाहीच, तो मेहनतीचा आहे. मला हे फार आवडते.

मात्र मेहनत मोजण्याची रीत गावोगाव वेगळी. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमचे गेज सर्वाधिक चाले; पण ते नाव एक असले, तरी कारखान्यागणिक मापे हलत. गिऱ्हाईक नंबर सांगे, आणि हाती पडणारी तार कोणाच्या पट्टीवर मोजली यावर ठरे. तारा टनावारी विकल्या जात होत्या, त्यामुळे केसभर फरकही पैशांत दिसे. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८५७ मध्ये साधा उपाय सुचवला: इंचाचे जितके हजारांश, तितकाच नंबर. इतकी शहाणी सूचना बाजाराने मानली नाही, यात नवल नाही. त्याच वर्षी अमेरिकेत ब्राउन अँड शार्प यांनी गणिती श्रेणी बसवली. तिच्यात दर नंबरला व्यास सुमारे ११ टक्क्यांनी घटतो. ब्रिटनने १८८३ मध्ये शाही आदेश काढून स्वतःचे प्रमाण गेज ठरवले. १ मार्च १८८४ पासून ते लागू झाले. सात शून्यांची तार अर्धा इंच जाड, पन्नास नंबरची इंचाचा हजारावा भाग. आपल्याकडे रुजले ते हेच.

दोन्ही देशांचे आकडे मात्र जुळत नाहीत. ब्रिटिश १८ नंबर म्हणजे १.२१९ मिलिमीटर, अमेरिकन १८ नंबर १.०२४. तांब्याचा छेद चाळीस टक्क्यांहून अधिक वेगळा! मोटर रिवाइंड करणाऱ्याने परदेशी तक्त्यातला नंबर इथल्या तारेला लावला, तर वेटोळे खाचेत बसायचे नाही. उलट चूक झाली तर ते तापून जळेल.

भारतात मेट्रिक मापे १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली. घरातली वायर आता छेदाच्या क्षेत्रफळावर विकतात: १, १.५, २.५, ४ चौरस मिलिमीटर. बावीस नंबरचा व्यास ०.७११ मिलिमीटर. तीन तारांचे क्षेत्रफळ काढले तर १.१९ चौरस मिलिमीटर येते, म्हणजे ना १, ना १.५. विजेच्या कामात शंका असेल तर वरचेच माप घ्यावे, हे उघड आहे. 'सात-वीस'चे ४.५९ येते.

मिरजेच्या तंतुवाद्यांकडे वळले की आणखी एक गंमत दिसते. पोलादी संगीत-तारेचे गेज नेमके उलटे चालते, तिथे नंबर वाढला की तार जाड होते. सतारीची पोलादी बाज तार तीन नंबरच्या आसपासची, आणि शेजारची ब्राँझची जोडाची तार सत्तावीस किंवा अठ्ठावीसची. एकाच खुंटाळ्यावर दोन विरुद्ध दिशांचे हिशोब ताणलेले असतात, आणि तरी सूर लागतो.