घन्यातील म्हशी

मराठी वाचकाला भरतपूर ठाऊक असते ते सूरजमल जाटामुळे. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव होळकर पडले ते याच जाटांच्या तोफेने. आणि १७६१ साली पानिपतावरून हालअपेष्टा सोशीत परतणाऱ्या आपल्या माणसांना अन्नवस्त्र मिळाले तेही याच सूरजमलाच्या मुलखात. त्याच्या नावावर सांगितला जाणारा अजान बांध मात्र आपल्या बखरकारांच्या गावी नसावा. त्यांचे लक्ष किल्ल्यांकडे आणि खंडणीकडे. पाण्याकडे कोण पाहतो!

गंभीर आणि बाणगंगा या नद्यांचे पावसाळी पाणी या बांधाने अडले आणि शेजारच्या सखल जमिनीत उथळ तळी साचू लागली. भोवती दाट झाडी, म्हणून ‘घना’. मध्ये केवलादेवाचे शिवमंदिर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून भरतपूरच्या राजांनी येथे पाट खोदले, बंधारे घातले, पाणी सोडण्याला दरवाजे बसविले. हेतू एकच, बदकांची शिकार. सुमारे २९ चौरस किलोमीटरांचे हे रान निम्मे माणसाच्या हातचे आहे, ही गोष्ट पुढील हकिगतीसाठी ध्यानात ठेवावी.

मंदिराजवळ शिकारींचे आकडे कोरलेली शिला अद्याप उभी आहे. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. योगायोग असा, की त्याच दिवशी मुंबईच्या खेतवाडीत वाढलेल्या सालिम अलींना बेचाळीस वर्षे पुरी झाली. विद्यापीठाची रीतसर पदवी नसलेला हा गृहस्थ पुढे याच तळ्यांचा कैवारी व्हावयाचा होता. स्वातंत्र्यानंतर ही जमीन शेतीला द्यावी अशी मागणी झाली, तेव्हा सालिम अलींनी पंडित नेहरूंपर्यंत धाव घेतली. १९५६ साली घना अभयारण्य झाले. महाराजांचा शिकारीचा हक्क मात्र १९७२ पर्यंत चालला.

मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे, म्हणजे १८८३ साली स्थापन झालेल्या संस्थेचे, कार्यकर्ते येथे पक्ष्यांच्या पायांत कडी घालीत. कड्यावर क्रमांक आणि मुंबईस कळविण्याची विनंती. भरतपुरात कडे चढलेले बदक दूर रशियाच्या मुलखात सापडले, की त्याचा प्रवास कागदावर येई. काम चिकाटीचे, एखाद्या जुन्या कारकुनाने वह्या राखाव्यात तसे.

त्या काळी एका गोष्टीबद्दल या जाणत्यांत फारसा मतभेद नव्हता: गुरे रानाचे नुकसान करतात. घन्याच्या कडेच्या गावांची गुरे, विशेषतः म्हशी, पिढ्यान्‌पिढ्या या तळ्यांत चरत व डुंबत आल्या होत्या. सालिम अलींचेही मत चराई थांबावी असेच होते. १९८०च्या दशकाच्या आरंभी घना राष्ट्रीय उद्यान झाला, आणि राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यास १९७२च्या कायद्याची मनाई. १९८२च्या नोव्हेंबरात चराई एकाएकी बंद करण्यात आली. गवळ्यागुराख्यांना दुसरी सोय अशी दिली नव्हती. दंगा झाला, पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात काही गावकरी ठार झाले. त्यांची नावे कोरलेली शिला माझ्या तरी ऐकिवात नाही.

याच सुमारास, १९८० पासून, सोसायटीचा दहा वर्षांचा अभ्यास चालू होता. अमेरिकी सरकारच्या वन्यजीव खात्याचे त्याला साहाय्य होते आणि व्ही. एस. विजयन त्याचे प्रमुख होते. पाणी, मासे, गवत, पक्षी, सारे काही मोजावयाचे. म्हशी बाहेर गेल्यावर काय झाले, तेही आपसूक मोजले गेले. आणि झाले ते विपरीतच! पॅस्पॅलम नावाचे पाणगवत आता अनिर्बंध माजले. पूर्वी म्हैस ते ओरबाडून खाई, तिच्या वावराने पाणी मोकळे राही. आता गवताच्या गाद्या तळ्यांवर पसरल्या. बदकांना पोहावयास उघडे पाणी उरेना, आणि पाण्याखालचे कंद उकरून खाणाऱ्या सायबेरियाच्या पांढऱ्या क्रौंचांना चोच घालावयास जागा मिळेना. यंत्रे लावून गवत काढून पाहिले. म्हशींची सर त्यांना आली नाही.

१९९१च्या अहवालात विजयन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे स्पष्ट लिहिले, आणि मर्यादित चराई असावी असे सुचविले. सालिम अली १९८७ सालीच निवर्तले होते. मला या प्रकरणात सर्वांत मोलाचे वाटते ते हे, की ज्या संस्थेतून बंदीला पाठबळ मिळाले, तिच्याच माणसांनी दहा वर्षे चिखलात उभे राहून उलट निष्कर्ष आणला आणि तो दडविला नाही. गोळीबार मात्र मोजमाप पुरे होण्याच्या नऊ वर्षे आधी होऊन गेला होता. पुण्याचे माधव गाडगीळ यांनी ही हकिगत पुढे अनेकदा लिहिली. गुराख्याला जे ठाऊक होते ते कोणी विचारले नाही, असा त्यांचा रोख असे.

क्रौंचांचे सारे पाप गवताच्या माथी मारणे योग्य होणार नाही. सायबेरियाहून येताना अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडावा लागे आणि वाटेत शिकारी टपलेले असत. १९६०च्या दशकात घन्यात दोनशेच्या आसपास येणारे हे पक्षी १९८४-८५च्या हिवाळ्यात ४१ उरले. २००२ साली एक जोडी दिसली. त्यानंतर क्रौंच आलेच नाहीत. पुढे पाण्याचे भांडण उभे राहिले. करौलीकडील पांचना धरणाने गंभीर नदी अडविली, तिथल्या शेतकऱ्यांना ते पाणी हवे होते; घना कोरडा पडू लागला आणि चंबळेचे पाणी नळाने आणण्यापर्यंत पाळी आली.

म्हशींना कायद्याने आजही आत मज्जाव आहे. तडजोड निघाली ती एवढीच, की गावकऱ्यांनी परवाना घेऊन आत जावे आणि गवत कापून न्यावे. भारे डोक्यावर घेऊन माणसे फाटकातून बाहेर पडतात, आणि म्हैस तेच गवत भिंतीच्या अलीकडे दावणीला बांधलेली खाते.